विश्लेषण : हायटेन्शन तारांखाली चुंबकीय क्षेत्र किती? हिशेब दहावीचा, मग आकडा जाहीर का होत नाही?

चुंबकीय क्षेत्र दाखवणारे एखादे मोफत ॲप मोबाइलवर घ्यावे, हायटेन्शन टॉवरखाली उभे राहावे आणि आकडा वाचावा. ४२, ४५, कधी ४८ मायक्रोटेस्ला. मग इंटरनेटवर शोध घेतला की '०.४ मायक्रोटेस्लापेक्षा जास्त क्षेत्र मुलांसाठी धोक्याचे' असे काहीतरी वाचायला मिळते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की शंभरपटीचा फरक दिसतो आणि व्हॉट्सॲपवर फिरवण्यासारखा व्हिडिओ तयार होतो. तार आणखी चार गावांवरून जाणार असेल तर तो व्हिडिओ ग्रामसभेपर्यंतही पोहोचतो.

हाच मोबाइल घेऊन गंगापूर धरणाच्या काठावर, जिथे डोक्यावर एकही तार नाही अशा जागी उभे राहिले, तरी ॲप जवळपास तेवढाच आकडा दाखवते. कारण तो आकडा तारेचा नाहीच, पृथ्वीचा आहे. आपल्या भागात पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या घरात असते. (एक मायक्रोटेस्ला म्हणजे टेस्ला या एककाचा दहा लाखावा भाग.) मोबाइलमधला चुंबकमापक नकाशावर उत्तर दिशा दाखवण्यासाठी बसवलेला असतो. स्थिर क्षेत्र त्याला नीट कळते. सेकंदाला ५० आवर्तने करणारे, म्हणजे सतत दिशा पालटणारे विजेच्या तारेचे क्षेत्र त्याला धड पकडता येत नाही. टॉवरच्या पायाजवळ मोबाइल नेल्यावर आकडा उसळतो, तोसुद्धा टॉवरच्या पोलादामुळे. पोलाद पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे ओढून वाकडे करते. तार बंद असली तरी हे होईलच.

म्हणजे व्हिडिओ चुकीचा ठरला. पण म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. घरापासून ४० मीटरवर २२० केव्हीची वाहिनी येणार असेल, तर तिथे चुंबकीय क्षेत्र किती असेल हे विचारण्याचा हक्क त्या घराला आहे. आणि उत्तरासाठी कोणत्याही ॲपची गरज नाही. हा हिशेब कागदावर होतो, आणि त्याचा पाया राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' या प्रकरणात घातलेला आहे.

व्होल्टचा संबंध कुठे येतो?

येतच नाही. चुंबकीय क्षेत्राबाबत सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

लांब सरळ तारेतून विद्युतधारा वाहत असेल तर तिच्याभोवती वर्तुळाकार चुंबकीय क्षेत्र तयार होते. उजव्या हाताचा अंगठा धारेच्या दिशेने ठेवून तार मुठीत धरल्याची कल्पना केली, तर वळलेली बोटे त्या क्षेत्राची दिशा सांगतात. तारेत धारा सुरू केल्यावर शेजारची होकायंत्राची सुई हलते, हे १८२०मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी जाहीर केले आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये अँपिअर, बिओ आणि सावार यांनी त्याचे गणित बसवले. दोनशे वर्षांत त्यात काही बदललेले नाही. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येईल अशा रूपात ते असे : ०.२ गुणिले अँपिअर, भागिले मीटरमधले अंतर. उत्तर मायक्रोटेस्लामध्ये येते. १०० अँपिअरची एकटी तार १० मीटरवर असेल तर क्षेत्र २ मायक्रोटेस्ला.

या सूत्रात व्होल्ट कुठेही नाहीत. क्षेत्र ठरते ते अँपिअरवर. आणि व्होल्टेज वाढवले की तेवढीच वीज पोहोचवायला अँपिअर कमी लागतात. एकलहरे औष्णिक वीज केंद्राचेच उदाहरण घ्या. तिथे २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. अशा संचात जनित्रातून वीज साधारण १५.७५ किलोव्होल्टला बाहेर पडते आणि पूर्ण भारावर प्रत्येक फेजमध्ये सुमारे ९,००० अँपिअर वाहतात. तीच वीज रोहित्रातून २२० किलोव्होल्टला चढवली की धारा ६५० अँपिअरच्या आसपास उतरते. म्हणजे '२२० केव्ही' या पाटीने घाबरणाऱ्या माणसाने चुंबकीय क्षेत्रापुरते तरी त्या पाटीचे आभारच मानायला हवेत.

जनित्र आणि रोहित्र यांच्यामधल्या ९,००० अँपिअरचे काय करतात, हेही पाहण्यासारखे आहे. उघडी पट्टी असती तर एका मीटरवर १,८०० मायक्रोटेस्ला क्षेत्र असते आणि आसपासचे लोखंड तापले असते. म्हणून अशा संचांत प्रत्येक फेजची पट्टी ॲल्युमिनियमच्या स्वतंत्र नळकांड्यात घालतात. त्या नळकांड्यात उलट दिशेची धारा आपोआप निर्माण होते आणि बाहेरचे क्षेत्र बरेचसे पुसले जाते.

समांतर तारा एकमेकींचे काय करतात?

सगळी गंमत उलट धारेने क्षेत्र पुसले जाण्यात आहे. कारण वीज कधी एकट्या तारेने येत नाही. ती एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते.

एकमेकींपासून एक मीटरवर दोन समांतर तारा आहेत आणि दोन्हींत १०० अँपिअर आहेत असे समजा. दोन्ही धारा एकाच दिशेने असतील तर बरोबर मध्ये क्षेत्र शून्य होते, कारण तिथे एकीचे क्षेत्र वर आणि दुसरीचे खाली असते. बाहेर मात्र त्यांची बेरीज होते. दहा मीटरवर ४ मायक्रोटेस्ला, वीस मीटरवर २.

आता एका तारेतली धारा उलटी करा. मधल्या बिंदूवर दोन्ही क्षेत्रे एकाच दिशेला येतात आणि आकडा ८० मायक्रोटेस्लापर्यंत चढतो. पण बाहेर? दहा मीटरवर फक्त ०.२ आणि वीस मीटरवर ०.०५. तारा त्याच, अँपिअर तेवढेच, केवळ दिशा बदलली आणि दहा मीटरवरचे क्षेत्र विसाव्या हिश्श्यावर आले. शिवाय उतरण्याचा वेगही बदलला. आधी अंतर दुप्पट केल्यावर क्षेत्र निम्मे होत होते, आता ते चौथाईवर येते.

परीक्षेत या गणितात गुण जातात ते बहुधा इथेच. विद्यार्थी दोन्ही तारांची क्षेत्रे काढतात आणि दिशा न पाहता बेरीज करून मोकळे होतात. व्हॉट्सॲपवरच्या 'हिशेबां'तही तीच चूक असते : टॉवरवर सहा तारा, प्रत्येकीत ४०० अँपिअर, म्हणून २,४०० अँपिअरचे क्षेत्र!

घरातले उदाहरण अधिक जवळचे. २,००० वॉटच्या गिझरमधून साधारण ८.७ अँपिअर जातात. एकट्या तारेचा हिशेब केला तर ३० सेंटिमीटरवर ५.८ मायक्रोटेस्ला येतात. प्रत्यक्षात फेज आणि न्यूट्रल एकाच केबलमध्ये ५ मिलिमीटरवर शेजारी असतात, त्यामुळे क्षेत्र ०.१ मायक्रोटेस्लाच्याही किंचित खाली उतरते. साठपट कमी.

पण वायरमनने फेज एका भिंतीतून आणि न्यूट्रल दुसऱ्या भिंतीतून नेली, किंवा न्यूट्रलची धारा नळाच्या पाइपातून आणि अर्थिंगमधून परत जाऊ लागली, तर ही वजाबाकी मोडते. २० अँपिअर अशा आडवाटेने परतत असतील तर तीन मीटरवर १.३ मायक्रोटेस्ला, आणि दहा मीटरवर गेले तरी ०.४. टॉवर कुठेही नसताना! घरातल्या क्षेत्राची चिंता असेल तर आधी वायरिंग तपासून घेणे हा शहाणपणाचा खर्च आहे. मीटरशेजारचा आरसीसीबी याच तत्त्वावर चालतो. जाणारी आणि येणारी धारा एकाच लोखंडी कड्यातून नेलेली असते. दोन्ही सारख्या असतील तर कड्यात क्षेत्र शून्य. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून धारा जमिनीत जात असण्याची शक्यता निर्माण झाली, की क्षेत्र शून्य राहत नाही आणि स्विच पडतो.

तारांमधल्या ओढाताणीची नाशिकला जवळून ओळख आहे. समांतर तारांत धारा एकाच दिशेने असतील तर तारा एकमेकींना ओढतात, उलट असतील तर ढकलतात. १९४८पासून २० मे २०१९पर्यंत अँपिअरची आंतरराष्ट्रीय व्याख्याच या बलावर उभी होती : एक मीटर अंतरावरच्या दोन तारांमध्ये दर मीटरला ०.०००००० २ न्यूटन. आकडा हास्यास्पद वाटतो. पण शॉर्ट सर्किटच्या क्षणी स्विचगिअरच्या पट्ट्यांमधून एक लाख अँपिअरचे शिखर जाऊ शकते आणि पट्ट्या २० सेंटिमीटरवर असतात. तिथे हेच बल दर मीटरला दहा हजार न्यूटन, म्हणजे सुमारे एक टन होते. सातपूर आणि अंबडमध्ये एबीबी, सीजी पॉवर यांसारखे कारखाने स्विचगिअर बनवतात. पट्ट्या हा झटका सोसतात की नाही, हे प्रत्यक्ष धारा सोडूनच पाहावे लागते. अशा चाचण्यांसाठी भोपाळ-बेंगळुरूच्या वाऱ्या कमी व्हाव्यात म्हणून शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेची मागणी इथल्या उद्योगांनी वर्षानुवर्षे लावून धरली. देशाच्या विजेच्या यंत्रांचा एक मोठा कारखाना असलेल्या शहरातच चुंबकीय क्षेत्राची चर्चा ॲपच्या आकड्यांवर चालावी, हे जरा अजब आहे.

मग टॉवरखाली खरा आकडा किती?

पारेषण वाहिनीत तीन फेज असतात. तिन्ही धारा एकाच वेळी शिखरावर नसतात, त्या एकमेकींच्या एक तृतीयांश आवर्तन मागेपुढे चालतात. कोणत्याही क्षणी तिघींची बेरीज जवळपास शून्य असते. म्हणून येथेही वजाबाकी होते, फक्त तिचा हिशेब जरा लांबतो.

एक नमुना घेऊ. तीन तारा एका पातळीत, एकमेकींपासून ६ मीटरवर, जमिनीपासून १० मीटर उंच, प्रत्येकीत ४०० अँपिअर. बरोबर खाली जमिनीवर क्षेत्र येते सुमारे ६.५ मायक्रोटेस्ला. बाजूला ५० मीटरवर ०.३२. एकट्या तारेचा हिशेब धरला असता तर त्याच जागी १.६ आले असते. हा नमुना आहे, कुठल्या विशिष्ट वाहिनीचे माप नाही. तारांची मांडणी, उंची आणि भार बदलला की आकडा बदलतो. दुपारी उन्हाने तारा तापून खाली झोळतात तेव्हा खालचा आकडा थोडा वाढतो.

आता गल्लीतली डीपी पाहा. २०० अँपिअर वाहणाऱ्या उघड्या तारा खांबावर ३० सेंटिमीटर अंतराने बांधलेल्या असतील आणि पहिल्या मजल्याची खिडकी तीन मीटरवर असेल, तर तिथे २ मायक्रोटेस्लाच्या थोडे वर. म्हणजे ५० मीटरवरच्या हायटेन्शन वाहिनीच्या काही पटींनी जास्त. तिच्याविरुद्ध मात्र कुणी मोर्चा काढत नाही. उलट डीपी जळाली की ती लवकर बसवा म्हणून मोर्चा निघतो.

तब्येतीचे काय?

इथे दोन टोके टाळायला हवीत. 'काहीच होत नाही' असे खडसावून सांगणारे अधिकारी आणि 'कॅन्सर होतोच' म्हणणारे व्हिडिओ, दोघेही अर्धेच सांगतात.

आंतरराष्ट्रीय आयोग आयसीएनआयआरपीने २०१०मध्ये सामान्य नागरिकांसाठी ५० हर्ट्झच्या क्षेत्राची मर्यादा २०० मायक्रोटेस्ला ठेवली आहे. त्याआधी १९९८च्या मार्गदर्शिकेत ती १०० होती. वरच्या नमुन्यातले ६.५ त्याच्या जवळपासही नाही. ही मर्यादा शरीरात तत्काळ होणाऱ्या परिणामांवर, म्हणजे नसा आणि स्नायू उत्तेजित होण्यावर आधारलेली आहे.

०.४चा आकडा वेगळ्या वाटेने आला. २०००मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा, ज्या घरांत क्षेत्राची सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा जास्त होती तिथे बालकांमधील रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण साधारण दुप्पट दिसले. अशी घरे फार थोडी होती आणि हा आजार मुळातच दुर्मीळ आहे. प्रयोगशाळेत त्याला आधार देणारी ठोस कारणमीमांसा सापडली नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२मध्ये या क्षेत्रांना '२ब', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक', या गटात टाकले. संघटनेने २००७मध्ये पुन्हा पाहणी केली आणि पुरावा कार्यकारण सिद्ध करण्याइतका भक्कम नाही, मात्र फारसा खर्च न येणारी खबरदारी घ्यावी, असे म्हटले.

यात दोन गोष्टी निसटतात. ०.४ ही घरातली दीर्घकाळची सरासरी आहे, शेतातून जाताना क्षणभर दिसलेला आकडा नव्हे. तारेखालून बैलगाडी नेणाऱ्याला ६.५ मायक्रोटेस्ला दोन मिनिटे मिळतात. हेअर ड्रायर वापरणाऱ्याच्या डोक्याजवळ, तीन सेंटिमीटरवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार ६ ते २,००० मायक्रोटेस्ला असू शकतात. आणि दुसरी गोष्ट : आपल्या नमुन्यात ५० मीटरवर ०.३२ आले, म्हणजे चर्चेतल्या त्या आकड्याच्या उंबरठ्यावर. कायद्याच्या किंवा मर्यादेच्या दृष्टीने ते नगण्य असले, तरी मूल असलेल्या कुटुंबाने तो आकडा विचारला तर तिला अडाणी ठरवता येत नाही.

बिनखर्ची खबरदारीचे एक उदाहरण तर टॉवरवरच आहे. दुहेरी वाहिनीच्या टॉवरवर दोन्ही बाजूंना तीन-तीन तारा असतात. एका बाजूला वरून खाली आर-वाय-बी असा क्रम आणि दुसऱ्या बाजूला उलटा बी-वाय-आर ठेवला, तर दोन्ही बाजूंची क्षेत्रे एकमेकांना बरीच खोडतात आणि दूरवरचे क्षेत्र अंतराच्या वर्गाऐवजी घनाच्या प्रमाणात उतरते. टॉवर तोच, तार तीच. ब्रिटनमध्ये वीज कंपन्यांनी हा उलटा क्रम स्वेच्छेने आचारसंहितेत घेतला. आपल्याकडे वाहिनीला विरोध करणाऱ्या एखाद्या निवेदनात 'फेजचा क्रम उलटा ठेवा' ही मागणी असायला काय हरकत आहे? 'वाहिनीच नको' या मागणीपेक्षा ती मान्य होण्याची शक्यता तरी जास्त.

द्राक्षबागेतल्या झिणझिण्या

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. द्राक्षबागेचा मांडव म्हणजे शेकडो मीटर लांबीच्या लोखंडी तारा. वाहिनी बागेवरून ओळींना समांतर गेली, तर आकाशात समांतर तारा आणि खाली समांतर तारा अशी जोडीच जमते. मग मांडवाच्या तारेला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या की दोष 'मॅग्नेटिक फील्ड'च्या माथी जातो.

हिशेब करून पाहू. १०० मीटर लांबीची तार, दोन मीटर उंची, दोन्ही टोके जमिनीला जोडलेली आणि सगळीकडे ६ मायक्रोटेस्ला क्षेत्र. त्यातून निर्माण होणारा दाब अर्ध्या व्होल्टहूनही कमी येतो. त्याने झिणझिण्या येणार नाहीत. त्या येतात विद्युत क्षेत्रामुळे, आणि ते मात्र व्होल्टेजवर अवलंबून असते. वरच्या तारेच्या उच्चदाबामुळे खालची सुटी, जमिनीशी न जोडलेली तार भारित होते. लाकडी किंवा सिमेंटच्या खांबांवरची, प्लास्टिक लावून बांधलेली तार अशी सुटी राहू शकते. उपाय साधा आहे : तारा ठरावीक अंतरावर लोखंडी अँगलला पक्क्या बांधून अर्थिंग देणे. हे काम वाहिनी उभारणाऱ्याने करून द्यावे, शेतकऱ्याच्या माथी मारू नये.

या पट्ट्यातली खरी तक्रार तशीही चुंबकाची नसते, जमिनीची असते. २००३च्या वीज कायद्याच्या कलम १६४मुळे पारेषण कंपनीला तार खात्याचे जुने अधिकार मिळू शकतात, म्हणजे जमीन संपादित न करता टॉवर उभारता येतो आणि भरपाई द्यावी लागते. केंद्राने जून २०२४मध्ये टॉवरखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के भरपाईची मार्गदर्शक सूचना काढली. २२० केव्हीला हा पट्टा ३५ मीटरचा, ४०० केव्हीला ४६ मीटरचा. बागेच्या मधोमध टॉवर आला की ट्रॅक्टर वळवण्यापासून जमीन विकण्यापर्यंत सगळे अडते. दराच्या भांडणात बाजू कमकुवत वाटली की कॅन्सरचा मुद्दा पुढे केला जातो, आणि अधिकारी तो मुद्दा खोडून काढला की सगळीच तक्रार निकाली निघाली असे मानतात. त्यात नुकसान शेतकऱ्याचेच होते.

भीती बाळगायचीच असेल तर ती अंतराची बाळगावी. नियमानुसार २२० केव्हीची तार जमिनीपासून सुमारे ७ मीटरच्या खाली येता कामा नये, ४०० केव्हीची सुमारे ८.८ मीटरच्या. इमारतीपासून ११ केव्हीच्या तारेचे आडवे अंतर किमान १.२ मीटर आणि ३३ केव्हीचे २ मीटर. सिडको, अंबड, सातपूरच्या दाट वस्त्यांत मजला वाढवताना, गॅलरी पुढे काढताना हीच मीटरे खाल्ली जातात. गच्चीवर लोखंडी सळई उभी करणारा गवंडी, पाण्याची टाकी चढवणारा प्लंबर, संक्रांतीला येवल्याच्या गच्च्यांवरून तारेत अडकलेला पतंग काढू पाहणारा मुलगा, यांचा जीव चुंबकीय क्षेत्राने जात नाही. उच्चदाब तारेला स्पर्शही करावा लागत नाही, पुरेसे जवळ गेले की ठिणगी स्वतःच उडी मारते.

टेलिफोनसाठी हिशेब होतो, घरासाठी का नाही?

पारेषण कंपन्यांना हा हिशेब करता येत नाही असे कुणी म्हणू शकत नाही. कारण तो त्या करतातच, फक्त माणसांसाठी नव्हे. उच्चदाब वाहिनी टेलिफोनच्या तारेला किंवा रेल्वेच्या केबलला समांतर जात असेल तर 'पीटीसीसी', म्हणजे पॉवर अँड टेलिकम्युनिकेशन को-ऑर्डिनेशन कमिटीची मंजुरी लागते. त्यासाठी वाहिनीचा नकाशा, समांतर धावण्याची लांबी, मधले अंतर आणि बिघाडाच्या वेळची धारा देऊन टेलिफोनच्या तारेत किती व्होल्ट निर्माण होतील ते काढले जाते. साधारण ४३० व्होल्टच्या वर गेले तर संरक्षणाची व्यवस्था करावी लागते. हे तेच समांतर तारांचे गणित आहे. नाशिकरोडवरून जाणाऱ्या रेल्वेलाही ते चुकलेले नाही. वरची २५ केव्हीची तार आणि खालचे रूळ यांच्यात पाच-साडेपाच मीटरची फट असते, म्हणून वजाबाकी नीट होत नाही आणि शेजारच्या केबलमध्ये खरखर होते. त्यावर उपाय म्हणून अशा मार्गांवर परतीची धारा रुळांऐवजी वरच्या तारेच्या शेजारून समांतर नेण्याची पद्धत वापरली गेली.

तांब्याच्या केबलला जो मान मिळतो तो तिच्याशेजारच्या घराला मिळत नाही. मोबाइल टॉवरच्या बाबतीत दूरसंचार विभागाने २०१७मध्ये 'तरंग संचार' हे पोर्टल सुरू केले. आपल्या परिसरातला टॉवर मर्यादेत आहे की नाही हे नागरिकाला तिथे पाहता येते. त्यामुळे टॉवरविषयीची भीती संपली असे नाही, पण निदान आकड्यावर बोलता येते.

विजेच्या वाहिन्यांसाठी यापेक्षा सोपे काम आहे. नव्या वाहिनीच्या मार्गाची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते तेव्हा तिच्यासोबत एक पान जोडावे. मध्यापासून ०, २०, ५० आणि १०० मीटरवर चुंबकीय क्षेत्र किती येईल, नेहमीच्या भाराला आणि कमाल भाराला. फेजचा क्रम कोणता ठेवला आहे. विद्युत क्षेत्र किती. मांडवांना अर्थिंग कोण करणार. इतकेच. महापारेषणच्या कोणत्याही कार्यालयातला कनिष्ठ अभियंता एका एक्सेल शीटमध्ये हे दुपारपर्यंत काढू शकतो.

'आकडे दिले की लोक आणखी घाबरतील' हा यावरचा नेहमीचा आक्षेप. पण लोक घाबरलेले आहेतच, आणि ते चुकीच्या आकड्याने घाबरलेले आहेत. कंपनीने ०.३२ सांगितले नाही तर ॲप ४५ सांगणार आहे.

हिशेब खरा की खोटा हे तपासण्याची सोयही जिल्ह्यातच आहे. पन्नास हर्ट्झचे क्षेत्र मोजणारे, तीन दिशांना वेटोळी असलेले हातात मावणारे मीटर अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने सहज बाळगू शकतात. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी त्याच त्या विषयांची उजळणी करण्यापेक्षा एखाद्या गटाने एकलहऱ्यातून निघणाऱ्या एका वाहिनीखाली दिवसभर दर तासाला माप घ्यावे. त्या तासाला वाहिनीत किती अँपिअर होते याची नोंद उपकेंद्रातल्या लॉगशीटवर असतेच. ती मागून घ्यावी आणि दोन्ही रकाने शेजारी मांडून गावाच्या फलकावर लावावेत.